भिकुबाईची खुर्ची

चोपड्याकडच्या त्या गावात लग्न ठरलं की आधी भिकुबाईला निरोप जायचा. खापराची पुरणपोळी करावी तर तिनेच. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, आणि हिच्या दोन्ही हातांवर झुलत झुलत कोपरापर्यंत पसरलेली पोळी. पाहणाऱ्याची मान दुखायची, हिचे हात दुखायचे नाहीत.

मग कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा डावा पंजा गेला. लोक वाईट वागले नाहीत. उलट फार चांगले वागायला लागले, आणि तिथेच घोळ झाला. कुणाच्याही मांडवात गेली की तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची यायची. बसा, आराम करा, काही लागलं तर सांगा. यंत्राचा आला नव्हता एवढा राग भिकुबाईला त्या खुर्चीचा यायचा.

शेवटी तिने गोठ्यामागे सराव मांडला. नवऱ्याचं, म्हणजे लोटनआबांचं, डोक्याला गुंडाळायचं उपरणं ओलं करायचं आणि उजव्या हातावरून डाव्या मनगटावर झुलवायचं. एकदा ते उडालं आणि थेट म्हशीच्या शिंगांवर बसलं. म्हैस नवरदेवाच्या थाटात हौदाकडे निघाली आणि आबा उघड्या डोक्याने तिच्यामागे धावले. गावाला जे समजायचं ते गाव समजलं. भिकुबाई मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून पोट धरून हसत होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी पितरांची आगारी, चुलीच्या निखाऱ्यावर पितरांना घास द्यायचा. त्यासाठीची पहिली पोळी अखंड लागते, फाटकी चालत नाही. पंजा गेल्यापासून ती पोळी धाकटी जाऊ सुगंधाबाई करायची. यंदाही तिने सकाळीच अंगणात चूल पेटवली, शेजारी खुर्ची मांडली, वर मायेने उशीसुद्धा ठेवली. भिकुबाईने खुर्चीला वळसा घातला आणि चुलीपुढे मांडी ठोकली.

सुगंधाबाई घाबरली. "अक्का, पितरेसनी पोळी शे. फाटनी ते?"

"फाटनी ते जलमभर खुर्चीवर बठसू."

"आनि नही फाटनी ते?"

"मंग तू बठ."

आखाजीच्या झोक्यावरच्या माहेरवाशिणी उड्या मारून धावत आल्या. आबा चुलीत फुंकर घालायला वाकले ते वाकलेलेच राहिले. भिकुबाईने लाटण्याचं एक टोक मुठीत धरलं, दुसऱ्यावर मनगट दाबलं आणि पुरणाचा उंडा लाटला. पोळी हातावर घेतली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पोळी वाढू लागली, पातळ झाली, आतलं पुरण दिसू लागलं.

आणि नेमकी तेव्हाच चूक झाली. जुन्या सवयीने ती डाव्या हाताच्या बोटांनी काठ सावरायला गेली. बोटं होती कुठे! पोळी घसरली. कुणीतरी डोळे मिटले. भिकुबाईने कोपर वर उचललं, पोळी दंडावर आली, झोका खाऊन परत फिरली आणि फिरता फिरता आणखी वीतभर पसरली. तिने ती अलगद खापरावर सोडली. काठापासून काठापर्यंत कुठे चीर नाही, भोक नाही.

मग आबा राख उडेपर्यंत हसले, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि भिकुबाईला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती धुराला शिव्या देत होती. पहिला घास आगारीत पडला, पुरणाचा वास अंगणभर झाला.

सुगंधाबाईला तर हसून हसून उचकी लागली. पदर तोंडाला लावून ती मागे सरकत गेली, खुर्चीशी आली, उशी नीट केली आणि ऐसपैस बसली.

"अक्का," ती म्हणाली, "आते दुसरी टाक. माले भूक लागनी."