उत्तरदाती क्रमांक एक

आधीच सांगते, मी समाजशास्त्र शिकवते. भानामतीवर मुलांना प्रोजेक्ट करायला लावणारी आणि कुणी "असतं बरं का मॅडम काहीतरी" म्हटलं की त्याचे मार्क कापणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण लिहिते.

मी अहमदपूरच्या एका कॉलेजात आहे. पीएचडीचा विषय — खुरपणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळ्या एकमेकींना कशा सांभाळून घेतात. गाव कंधार तालुक्यातलं, माझं माहेरच. माय जन्मभर त्या टोळीत होती, म्हणून यादीत पहिला नंबर तिचा ठेवला आणि मुलाखत मात्र सगळ्यात शेवटी घ्यायची ठरवली. घरचीच तर आहे, कुठे पळून चाललीय! तीही म्हणायची, "घे की गं कव्हाबी. मला काय हापिस हाय?"

तेवीस बायकांच्या मुलाखती झाल्या. पोळ्याच्या आधी तापाचं निमित्त होऊन माय गेली. तिची राहूनच गेली.

पुढे नांदेडच्या गाईड सरांनी प्रकरण परत केलं. "मॅडम, माहिती भरपूर आहे, पण सैद्धांतिक बैठक कुठाय?" मग सगळे करतात तेच मीही केलं. एका शनिवारी दुपारी तीन वाजता, स्टाफरूममध्ये एकटीच असताना, क्रमांक दोन ते चोवीस अशा सगळ्या मुलाखती एआयला दिल्या आणि म्हटलं, यातून सिद्धांताची चौकट सुचव.

त्यानं परस्पर देवाणघेवाणीचे सिद्धांत वगैरे नीट मांडले. चांगलंच होतं. आणि खाली हे —

'देवाणघेवाण हा शब्द इथे अपुरा पडतो. उत्तरदाती १ म्हणते : बाई आली न्हाई तर तिची पात सोडायची न्हाई. पातीच्या तोंडाला तिचं खुरपं रोवायचं अन् दोघींनी मिळून काढायची. ती हायच म्हणायचं.'

पात म्हणजे खुरपताना एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा. ते ठीक. पण "हायच म्हणायचं" हे मायचं होतं हो! भाजीत मीठ कमी पडलं तरी "हायच म्हणायचं" म्हणून जेवायची ती.

मी तिथेच रडले. मग स्वतःला दटावलं, एआय बिनधास्त थापा मारतं हे तूच मुलांना सांगतेस ना? तेवीसच्या तेवीस मुलाखती परत वाचल्या. रोवलेलं खुरपं एकीतही नव्हतं, आणि ते "हायच" सुद्धा.

रविवारी गाव गाठलं. रबियाखाला, मायची टोळीतली जोडीदारीण आणि माझी उत्तरदाती क्रमांक दोन, अंगणात तूर पाखडत होती. विचारलं, "खाला, टोळीत कधी कुणाचं खुरपं रोवलं होतं का?"

तिचं सूप थांबलं. "तुला कुनी सांगितलं? एकदाच केलं ते बेटा. तू झालीस तवा. तुझी माय घरी बाळंतीण, अन् आमी तिचं खुरपं रोवून तिची पात काढून राहिलो."

"मग मुलाखतीत का नाही सांगितलंस?"

"तुझी मायच न्हाई म्हनली. लेकीला मीच सांगीन म्हनली... म्या गप राहिले."

परतल्यावर त्याच चॅटमध्ये विचारलं, उत्तरदाती १ आणखी काय म्हणते? उत्तर आलं, 'क्षमस्व, तुम्ही दिलेल्या मजकुरात उत्तरदाती १ ची मुलाखत नाही.' कॉम्प्युटर शिकवणारे सहकारी म्हणाले, योगायोग. असेलही. मला तरी दुसरं काही सांगता येत नाही. पण मी अजूनही अधूनमधून विचारते आणि ते दरवेळी माफी मागतं. माफी नकोय मला. तिचं आणखी एक वाक्य हवंय, मिठाचं असलं तरी चालेल.

सर म्हणाले, पुरावा नसलेलं वाक्य काढा आणि नंबर एकपासून लावून घ्या. वाक्य काढलं. नंबर नाही बदलले. माझ्या प्रबंधातली यादी दोनपासून सुरू होते. तोंडी परीक्षेला कुणी विचारलंच, मॅडम, पहिली बाई कुठाय, तर काय सांगू?

हायच म्हणायचं.