शहागडचा बेवारस बुरूज

माणसानं खोटं बोलावं तरी किती? माझ्या थोरल्या मामांइतकं खोटं गोदावरीच्या दोन्ही काठांवर कोणी बोललं नसेल, आणि त्यातलं एकही स्वतःसाठी नव्हतं. शहागडच्या घाटावर एक उंच दगडी बुरूज आहे. तिन्हीसांजेला येणारी नाव खडकावर आपटू नये म्हणून त्याच्या माथ्यावरचा दिवा मामा रोज लावतात. निजामाच्या अमलात या कामाची नेमणूक होती; राज्य गेलं, नेमणूक गेली, मामा राहिले. घासलेट घरातलंच जातं. मामी म्हणते, "माझ्या चुलीपाशी अंधार, अन् नदीची रोज दिवाळी!"

पाहुणा आला की मामा आधी आडनाव विचारायचे आणि मग बुरूज त्याच्या पूर्वजांच्या पदरात टाकायचे. जालन्याच्या मारवाडी शेटजींना सांगितलं, तुमच्या पणजोबांनी मालाच्या होड्यांसाठी बांधला. शेटजी इतके विरघळले की पायरीवर डोकं टेकवून आले. दुसऱ्या दिवशी तोच बुरूज नावाड्यांच्या आजानं बांधलेला होता. आम्ही चळवळीची पत्रकं वाचून वाढलेली मुलं. असत्य ऐकलं की आमच्या मुठी वळतात. मी मामांना भर घाटावर गाठलं.

"खरा कोणी बांधला, ते सांगा!"

"मला काय ठाऊक? बिनमालकाचा हाय, मंग एकेकाला देऊन राह्यलो."

"आणि उद्या खरा वारस आला तर?"

"त्यालाबी देईन की! तू कशाला तापतो? जा, तुझ्यासाठी वेठीच्या मजुरांनी बांधला. बराबर?"

हे मला इतकं पटलं की पुढं बरेच दिवस मी सत्याची चौकशीच केली नाही.

गेल्या महिन्यात अंबडच्या कचेरीतून साहेब आले. सडकेला दगड हवा, बुरूज पाडायचा. घाटावर आम्ही सारे जमलो होतो. जालन्याहून आलेले शेटजी, नावाडी, मी. साहेबांनी विचारलं, "कोणाचा आहे हा? कोणाची हरकत?" शेटजी स्वतःचे जोडे न्याहाळू लागले. नावाडी पाण्याकडं बघू लागले. माझ्या मुठी खिशात होत्या. साहेब मामांकडं वळले, "म्हातारबा, तुमचा का?" नुसतं हो म्हणायचं होतं. साऱ्या मुलखात पूर्वज वाटत फिरलेला हा माणूस लाजून पुटपुटला, "न्हाई साहेब. आम्ही नुस्ता दिवा लावतो." लाज वाटायला हवी होती आम्हाला. मला ती आता रोज वाटते, दिवा लागला की.

उन्हाळ्यात नदी आटली की पाडणार आहेत. त्याआधी या. अंबडहून शहागडची मोटार मिळते, घाट कोणीही दाखवील. मात्र बुरूज जमिनीवरून बघायचा नाही, हा मामांचा नियम. नावेनं पल्याड जायचं, दिवेलागणीपर्यंत वाळूत बसायचं आणि दिव्याच्या रोखानं परत यायचं. मामा हल्ली कोणाला आडनाव विचारत नाहीत. नावेतून उतरताना हात तेवढा देतात. तो हात धरा, आणि परतताना अंबडच्या कचेरीत पाच मिनिटं थांबून सांगा की बुरूज आमचा आहे, आमची हरकत आहे.