गोगलगाय मुकादम झाली

सार्वजनिक स्नानगृहात आम्ही दोघी एकाच दिवशी सफाईला लागलो. ती इतकी सावकाश घासायची की मीच तिचं नाव गोगलगाय ठेवलं. तासात तिच्या तीन न्हाण्या, माझ्या सहा.

"अगं, फरशी घासतेस की तिची वेणी घालतेस?"

"तू धाव तुझी," ती म्हणायची. साबणाचं पाणी, ब्रश, गुडघ्याखाली पोतं. बस.

मी अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतायची. मनाई होती. डोळ्यांतून पाणी, घशाला आग. पण डाग जायचा. झोंबतंय म्हणजे निघतंय, असं मी धरून चालले. मुकादम निवृत्त व्हायचे होते. ती जागा मला हवी होती. अकरा वर्षं धावले ती त्यासाठी.

मग घरी गादी झटकली की छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टरीणबाईंनी आधी काम विचारलं, मग समजावलं. श्वासनळीला आतून अस्तर असतं, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचं. असली वाफ ते सांधे खाते. गादीतल्या बारीक किड्यांचे कण एरवी वरच कफात अडकतात आणि बाहेर पडतात. फटीतून आत शिरले की शरीर त्यांना शत्रू समजतं. पुढं चिमूटभर धुळीनंही नळी सुजते, आवळते.

"सगळ्यांना असं होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झालं." आणि धाप लागली की तोंडात ओढायचा पंप लिहून दिला.

पटलं मला. माझ्या बाजूच्या फरश्यांचे सांधेही असेच खाल्ले गेले होते. खाली पाणी मुरून चार निखळल्या. गोगलगायीची एकही नाही. तिच्या गाद्या माझ्याहून जुन्या, वर मांजर. बाईला शिंकसुद्धा नाही.

मुकादमाला तासातासाला तीन मजले फिरावे लागतात. साहेबांनी जागेसाठी आम्हा दोघींना वर बोलावलं. दुसऱ्या जिन्यातच मी कठडा धरून खाली बसले. ती थांबली.

"पंप काढ."

"तू जा पुढं."

"जाते की. आधी पंप काढ."

मी काढला. मग ती वर गेली आणि मुकादम झाली. पहिल्याच दिवशी अ‍ॅसिडचे कॅन परत पाठवले आणि मला तिकीटखिडकीवर बसवलं. लोक म्हणाले, किती मोठ्या मनाची. म्हणोत बापडे.

आता दोघी निवृत्त. रविवारी ती येते. माझं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या पायरीपासून बोलत चढते, सुनेचं गाऱ्हाणं, मांजराचं कौतुक. मी दाराआड उभी राहून ऐकते. एकदा तरी तिला धाप लागावी, एवढंच मागते. लागत नाही.