लिंग चुकले

कपाट आवरताना निबंधाची एक वही हातातून निसटली आणि जमिनीवर मधोमध उघडली. ‘मी ढग झाले तर...’ वही आठवीतल्या किरणची, हजेरीपटावर मुलगा. झाले, फिरले, बरसले. प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल, आणि खाली माझ्याच अक्षरात शेरा: ‘लिंग चुकले. सुधारा.’

मी वही उचलली. अगं बाई, हे मी लिहिलं? एखाददुसरी चूक घाईत होते. पण अख्ख्या निबंधात, एकदाही न चुकता? आपल्या मराठीत साधं ‘आले’ की ‘आलो’ म्हणतानाही आपण कोण ते सांगून टाकावं लागतं. मी तर दिवसभर सांगत असते. माझ्या ‘आले’ला कधी कुणी लाल गोल केला नाही.

पुढची पानं उलटली. ‘मला पाऊस आवडतो.’ ‘मला घरी जावे लागले.’ ‘मला रडू आले.’ पानंच्या पानं, पण ‘मी आलो’ही नाही आणि ‘मी आले’ही नाही. तेरा वर्षांच्या लेकरानं लपायला व्याकरणात जागा शोधली होती! आणि त्याखाली माझा शेरा: ‘शाब्बास! आता एकही चूक नाही.’

तेवढ्यात किरण दारात. “बाई, माझी वही राहिलीय.”

मी वही पुढे केली. “किरण, मला तेव्हाच का नाही रे...” तो ‘रे’ माझा मलाच खटकला. “का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं की, बाई,” किरण शांतपणे म्हणालं, “तुम्ही लाल गोल केलेत.”