काळ्या दाण्यांची चटणी

माझा राग आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुपारी अणदूरला मी सासूबाईंच्या हातातलं सूप हिसकावलंच.

मी त्यांना आत्या म्हणते. ओसरीवर बसून त्या भुईमुगाचे दाणे निवडत होत्या. टपोरे दाणे बियाण्याला आणि विकायला, हे घरात ठरलेलं. सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट बुरशी आलेले दाणे मात्र वेगळ्या डब्यात चालले होते.

"आत्या, हे कशाला?"

"चटणीला. भाजलं की बुरशी मरतीया. लसूण-मिरचीत कडू बी लागत न्हाय."

ती चटणी दर महिन्याला उमरग्याला आमच्या घरी येत होती आणि माझा नवरा ती भाकरीबरोबर चापत होता. त्याला जुनी कावीळ-ब. यकृतात गाठ दिसली म्हणून सोलापूरला स्कॅन केलेलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी कळणार होता.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. बुरशी मरते, तिचं विष मरत नाही. भाजलं तरी बरंचसं उरतं. ते यकृतात जातं, आणि ते बाहेर टाकण्याच्या खटपटीत यकृतच त्याला जास्त घातक करून ठेवतं. मग ते पेशीतल्या जनुकांना चिकटतं. पेशीची नक्कल होताना तिथं चुकीचं अक्षर उतरतं, आणि वाढीला आवर घालणाऱ्या जनुकातच ती चूक झाली तर पेशी बेफाम सुटते. माणूस असो, उंदीर असो, हेच. कावीळ-ब असलेल्याला तर धोका कैक पटींनी. दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते मी हे!

"अहो, पोटच्या पोराला विष चारताय तुम्ही!" मी ओरडले.

"इख? म्या?" आत्या म्हणाल्या. ते विष, ते चुकीचं अक्षर, सगळं मी त्यांना समजावून सांगितलं; त्यानंतर त्या जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अणदूरलाच होतो; अकरा वाजता सोलापूरहून फोन आला. नवऱ्यानं उचलला. तो नुसता "हां, हां" करत होता. मला वाटलं, संपलं सगळं. मग फोन ठेवून तो म्हणाला, "गाठ साधी हाय. कॅन्सर न्हाय."

मी ढसाढसा रडले. आत्यांनी देवीला हात जोडले, मग हळूच विचारलं, "मग ते आतलं बिघडल्यालं अक्षर? ते नीट हुतंय का?"

"पेशी बरंच दुरुस्त करते, आत्या. सगळंच न्हाय. दर सहा महिन्याला बघत राहायचं."

"म्या आई न्हवं, वैरीण हाय त्याची," म्हणत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

मला ते बघवेना. खरं सांगायचं तर बाजारच्या चटणीत भेसळ असते, घरचीच पाठवा, असं दर फोनला मीच म्हणायचे. नवरा एकदा म्हणाला होता, कडवट लागतीय. "आईच्या हातची हाय, गुमान खा," म्हणून मीच त्याला गप्प केलं होतं. डबा उघडून एकदा नीट बघितला नाही की वास घेतला नाही. हे सगळं मी आत्यांना सांगून टाकलं. वाटलं, त्यांचा जीव जरा हलका होईल.

त्यांनी कपाळावरचा हात काढला.

"मला म्हाईत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "तुला तर व्हतं."