खंडेनवमी आणि चौथा प्लग

आता काय सांगू तुम्हाला! माणसाला अडाणीपणा नडत नाही हो, नडतं ते अर्धवट शहाणपण. आणि ते माझ्याकडं पोत्यानं होतं. बी.एस्सी. झालेला, कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात सायन्स शिकवणारा मास्तर मी. माझ्याहून शहाणा कोण असणार?

हसू नका. आधी चहा घ्या, मग ऐका.

संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारातल्या एका साहेबानं आपली जुनी मोटार विकायला काढली आणि ती मी घेतली. आता सायन्सच्या मास्तरानं मोटार मिस्त्रीकडं न्यायची म्हणजे अब्रूचा प्रश्न! म्हणून सगळी दुरुस्ती घरीच, मंगळवार पेठेतल्या आमच्या अंगणात. बायको म्हणायची, "तुम्ही मोटारीत कमी आणि मोटारीखाली जास्त असता."

मोटार येऊन दोनेक वर्षं झाली असतील. दसरा तीन दिवसांवर आला आणि गाडी खोकायला लागली. चारातला एक सिलिंडर संपावर गेला होता. एरवी मी म्हटलं असतं, खोकू दे. पण या दसऱ्याला सासऱ्यांना शब्द दिला होता.

सासरे कुरुंदवाडला. गुडघे गेले होते बिचाऱ्यांचे, सर्व्हिस मोटारीची, म्हणजे तेव्हाच्या बसची, पायरी चढवत नव्हती. त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, पेठ वडगावला. ऐंशीच्या घरातल्या. दर दसऱ्याला भावानं जाऊन बहिणीला सोनं द्यायचं, हा त्यांचा नेम दोन वर्षं चुकला होता. "जावईबापू, एकदा अक्काच्या हातावर सोनं ठेवलं की मी सुटलो बघा," असं ते म्हणाले तेव्हा मला भरून आलं. मी छाती ठोकून सांगितलं, "या दसऱ्याला आपल्या मोटारीतनं!"

तर सप्तमीला सकाळी बॉनेट उघडलं. पहिला प्लग निघाला, दुसरा निघाला, तिसराही निघाला. चौथा? ढिम्म! आणि नेमका आजारी तोच. इंजिनाच्या मागच्या टोकाला एका खळग्यात तो बसला होता, आणि त्याच्या बुडाशी काहीतरी काळंभोर, काचेसारखं चकाकणारं घट्ट झालं होतं.

आणि मुंग्या! तुळशीपासून रांग निघालेली, ती चाकावरनं, मडगार्डवरनं थेट चौथ्या प्लगापर्यंत. बाकीच्या तीन प्लगांकडं एक मुंगी फिरकत नव्हती. का बरं? मी प्लग विसरलो, घरातनं भिंग आणलं आणि तासभर वाकून बघत बसलो.

बायको म्हणाली, "मुंग्या गोडाला येतात, एवढं मला कळतं."

"मोटारीत गोड कुठनं येणार? काहीतरीच तुझं!"

मग लख्खकन उजेड पडला. हा प्लग ठिणगी बाहेर टाकत नाही. म्हणजे वीज आतच साठून राहिलेली असणार. म्हणजेच मुंग्यांना विजेचं आकर्षण असतं! जगात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते मंगळवार पेठेत आलं! मला धीर निघेना. सासऱ्यांना लगेच कार्ड लिहिलं: "मोटार तयार होत आहे. दसऱ्यास पहाटे निघतो. ता. क. मुंग्यांस विजेचे आकर्षण असते असा शोध अस्मादिकांस लागला आहे." आणि टाकलं पोस्टात.

त्या दिवशी प्लगावर रॉकेल ओतलं. एरंडेल ओतलं. खोबरेलसुद्धा ओतलं.

"ओल्या फडक्यानं पुसून बघू का?" बायकोनं विचारलं.

"अगं, वीज आहे तिथं! पाण्याचा थेंब जरी लागला तरी सत्यानाश!"

अष्टमीला अब्रू गुंडाळून ठेवली आणि बाबालाल मिस्त्रीला बोलावून आणलं. मोठा जाणता माणूस. त्यानं ते काळं नखानं खरवडलं, बोटावर घेतलं, उजेडात धरलं.

"मास्तर, ह्यो गंज न्हाय. वंगण बी न्हाय. तीस वर्सं हात काळं केलं, पर असलं काय बघितलं न्हाय. हाय तरी काय हे?"

"विलायती सिमेंट असणार," मी म्हणालो. "साहेबाच्या ड्रायव्हरनं लावलेलं, प्लग चोरीला जाऊ नये म्हणून. गाढव लेकाचा! अडाणी! बेअक्कल!"

हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढं लागणार आहेत.

मी म्हटलं, उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, इंजीन तापवून बघू. तिन्ही प्लग बसवून गाडी सुरू केली. दहा मिनिटांत अंगणभर असा काही खमंग वास सुटला की शेजारच्या तालमीतला रामा पैलवान लंगोटावर टॉवेल गुंडाळून कुंपणापाशी आला.

"मास्तर, वैनींनी गुळाच्या पोळ्या केल्यात व्हय?"

"पोळ्या कसल्या! प्लग अडकलाय."

"एवढंच न्हवं? सरका तिकडं!"

कोल्हापुरात काहीही अडलं की शेवटी पैलवानाकडंच जातं, तुम्हाला माहीतच आहे. रामानं हातांना माती लावली, पान्याला नमस्कार केला, "जय बजरंग" म्हटलं आणि जोर लावला. अख्खी मोटार गदागदा हलली. पाना धनुष्यासारखा वाकला. प्लग जिथल्या तिथं!

"ह्यो प्लग न्हाय मास्तर, अंगदाचा पाय हाय," रामा धापा टाकत म्हणाला.

दिवे लागणीला बाबालालनं हत्यारं पुसून पिशवीत भरली. "उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसत्यात. आता सोनं लुटूस्तवर मी पान्याला हात लावणार न्हाय."

"अहो, पण माझे सासरे..."

"मास्तर, हत्याराला बी वरसातनं एक दिस सुट्टी नको व्हय?"

माझ्या डोळ्यांपुढं सासरे दिसायला लागले. पहाटेच धुतलेला फेटा बांधून, आपट्याची पानं मांडीवर घेऊन, दाराशी वाट बघत बसलेले. रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

खंडेनवमी उजाडली. पाटावर हातोडी, पकड, वाकडा पाना, सगळ्यांवर झेंडूची फुलं. बायको ताट घेऊन मोटारीपाशी आली. हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि पंचामृताची वाटी हातात घेऊन थबकली.

"अहो, हे गेल्या वर्षीसारखं मागच्या खळग्यातच ओतू का?"

"गेल्या वर्षीसारखं म्हणजे?"

"तुम्हीच नव्हतं का ओतलंत? मी म्हणत होते, मोटारीला हळदकुंकू पुरे. तर म्हणालात, इंजीन हा मोटारीचा देव, त्याला अभिषेक हवा. साखर रेशनवर होती म्हणून मी गूळ घातला होता, चांगला मूठभर. आणि अभिषेक झाल्या झाल्या तुम्ही गाडी घेऊन रंकाळ्याला फेरी मारून आलात!"

मी मटकन पायरीवर बसलो. गूळ, दूध, दही, तूप, मध. खाली तापलेलं इंजीन. वर्षभर मंद आचेवर शिजत होतं ते. विलायती सिमेंट! गाढव! अडाणी! बेअक्कल!

बायको मात्र बसली नाही. पाक चिकटलेलं पातेलं काय करतात? गरम पाण्यात भिजत घालतात. बंबातलं कढत पाणी तिनं तांब्यानं त्या खळग्यात ओतलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं. ते टिपून काढलं, दुसरं ओतलं. असं चार वेळा. आणि मी रॉकेल आणि तेल ओतत बसलो होतो! साखर पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. प्रयोगासकट!

"पण पाना पूजेत आहे," मी म्हणालो.

"माझी सांडशी नाहीये पूजेत."

आणि काय सांगू, सांडशीनं प्लग फिरला! पुढं रामा पैलवान सगळ्या पेठेला सांगत होता, "म्या आदल्या दिशीच ढिला केलता की!" करू दे. खळगा पुसून कोरडा केला, नवा प्लग बसवला, आणि इंजीन चारही सिलिंडरांवर गायला लागलं.

दसऱ्याला पहाटे निघालो. कुरुंदवाडला सासरे खरंच फेटा बांधून दाराशी बसले होते. त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि वडगाव गाठलं. आत्याबाई काठी टेकत मोटारीपाशीच आल्या. सासऱ्यांनी खिडकीतनं त्यांच्या हातावर सोनं ठेवलं. आत्याबाई नुसत्या भावाच्या गालावरनं हात फिरवत राहिल्या. माझेही डोळे पाणावले, खोटं कशाला बोलू?

मग आत्याबाईंनी नाक वर केलं. दोनदा हुंगलं. जन्म गुऱ्हाळावर गेलेला त्यांचा!

"काय रं, मोटारीत काकवी सांडलीया व्हय?"

फटीत राहिलेला गूळ, प्रवासात तापलेला. बायकोनं पदर तोंडात कोंबला.

"काकवी न्हवं अक्का, वीज हाय ती!" सासरे अभिमानानं म्हणाले. "मुंग्या विजेला भुलत्यात, ह्यो शोध आमच्या जावईबापूंनी लावलाय!"

आत्याबाईंनी एकदा बॉनेटकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "शाळंत ह्येच शिकवतोस व्हय रं पोरास्नी?"

मी घाईघाईनं सासऱ्यांच्या कानाशी लागलो आणि सगळं कबूल केलं. "मामा, ते कार्ड तेवढं फाडून टाका."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "अहो, काल आलं तसं घाटावरच्या देवळात मोठ्यानं वाचून दाखवलं की! दोनदा!"

आता इतकी वर्षं झाली. पण आजही कुरुंदवाडात माझं नाव सांगून सासऱ्यांचं घर विचारा, कुणाला कळायचं नाही. 'मुंग्यांचे जावई' म्हणा, दारापर्यंत आणून सोडतील.