फोनमध्ये दिसलेला हात

१४ एप्रिल. आज उडदाचे पापड. मी लाट्या करत होते आणि मी नको म्हणत असतानाही सासूबाईंनी लाटणं हातात घेतलं होतं.

टीव्हीवर व्हिडिओ कॉलची जाहिरात चालू होती. तिच्यातल्या आजीचा चेहरा अगदी मधोमध, छान उजेडात. आमच्याकडे मस्कतहून नणंदेचा कॉल आला, मी फोन डब्याला टेकवला आणि तो घसरला. तिला दिसले फक्त पोळपाट आणि त्यावरचे सासूबाईंचे हात.

"आई, तोंड दाखव ना!"

"तोंडात काय बघायचंय? आहे तसंच आहे."

उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून सासूबाई दर कॉलला "हात बरा आहे" म्हणत आणि तोच हात पदराखाली घेत. नणंदेला ते खरं वाटत नसे, मलाही नाही. आज लाटणं सावकाश फिरत होतं, पण पापड गोल होत होता.

मग नणंद म्हणाली, "वहिनी, फोन हलवू नकोस."

फोनसमोर चेहरा सगळेच नीट करून बसतात. जाहिरातवाल्यांनी कधीतरी हातही दाखवावेत.

१५ एप्रिल. आज सकाळी मी पोळ्यांची कणीक मळून सासूबाईंपुढे ठेवली आणि स्वतः भाजी चिरायला बसले.